कानानं बघायचे सिनेमे : प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, रविवार

आजपासून वही घातली.

आप्पांना आता पडद्यावरचं दिसत नाही. काचबिंदू आहे. कडेची नजर आधी गेली, दुखलं-खुपलं काहीच नाही, म्हणून कळायला उशीर झाला. गेलेली नजर परत येत नाही हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. उजव्या डोळ्याला खिडकीचा उजेड तेवढा कळतो. पस्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. बस आवारात वळली की बोनेट उघडायच्या आधी सांगायचे, कुठं वाजतंय ते. कान अजून तसेच आहेत.

सिनेमा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. कोल्हापूरच्या माणसाला वेगळं काय सांगायचं? पण गेली दोन वर्षं घरात टीव्ही लागला की ते उठून व्हरांड्यात जाऊन बसायचे. आई शेजारी बसून सांगायचा प्रयत्न करायची आणि दहा मिनिटांत दोघांचं वाजायचं.

आज 'सामना' लावला. जब्बार पटेलांचा, तेंडुलकरांनी लिहिलेला, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. आप्पांनी तो बाविसाव्या वर्षी थिएटरात पाहिलेला. आईनं नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "अहो, आता तो चिडलाय."

"चिडलाय ते ऐकू येतंय की मला. हातात काय हाय ते सांग."

हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. जे ऐकू येतं ते सांगायचं नाही, हा पहिला नियम. आप्पांसाठी दर पंधरवड्याला एक सिनेमा तयार करायचा, म्हणजे संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत काय दिसतंय ते माझ्या आवाजात भरायचं, असं ठरलं. याला ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात. आमच्या घरात त्याला 'सांगणं' हा शब्द पडला.

'सामना'ला सांगणं फारसं लागलंच नाही. डॉक्टर लागूंचा मास्तर आणि निळू फुल्यांचा हिंदुराव, या दोन आवाजांतच सगळा सिनेमा आहे. मास्तर गायब झालेल्या मारुती कांबळेबद्दल विचारतो तेव्हा हिंदुरावाचा आवाज एका बोटानं खाली येतो, आणि त्या बोटभर उतरण्यात सगळं कळतं. मी हा सिनेमा आधी दोनदा पाहिला होता, पण ते उतरणं आज डोळे मिटून बसले तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

गुणांची पद्धत आप्पांनी ठरवली. सिनेमाला दहापैकी आणि सांगण्याला दहापैकी, दोन्ही वेगळे.
सिनेमा : आप्पा ९, मी ८. सांगणं : ४ (त्यातले तीन आईला).

१५ जून, रविवार

'अशी ही बनवाबनवी'. १९८८. रेकॉर्डिंग केलं नाही, गरजच नव्हती. आप्पा प्रत्येक संवाद नटांच्या अर्धा सेकंद आधी म्हणत होते आणि आई हसून हसून पदर तोंडाला लावून बसली होती. पडद्यावर बाईच्या वेशात कोण आहे हे आवाजावरून कळतंच, आणि लुगडं कसं नेसलंय ते आप्पांना चाळीस वर्षांपासून पाठ आहे.
सिनेमा : १०, १०. सांगणं : लागू नाही.

२२ जून, रविवार

'किल्ला' तयार केला आणि पहिला मोठा फटका बसला.

आधी कामाची पद्धत लिहून ठेवते. सिनेमा एकदा सरळ बघायचा. दुसऱ्यांदा थांबवत थांबवत मोकळ्या जागा शोधायच्या. कुठल्या मिनिटाला, किती सेकंद, हे मांडून घ्यायचं. चार सेकंदांत मराठीत आठ-दहा शब्द बसतात, त्याहून जास्त घातले की समोरच्या पात्राच्या वाक्यावर पाय पडतो. वर्तमानकाळात लिहायचं. मग कपाटाचं दार उघडून, आतल्या गोधड्यांसमोर तोंड करून फोनवर रेकॉर्ड करायचं. गोधड्या घुमणारा आवाज पिऊन टाकतात. शेवटी लॅपटॉपवर ऑडॅसिटी या आवाज जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे तुकडे जागच्या जागी लावायचे. पावणेदोन तासांच्या सिनेमाला माझे तीन रविवार जातात. आठवडाभर शाळा असते.

'किल्ला'ची मोजदाद मी घरातल्या डीव्हीडीवर केली आणि आप्पांना दाखवताना सिनेमा लावला ओटीटीवर. अगदी सुरुवात ठीक गेली. मग माझा आवाज आधी यायला लागला. मी म्हणतेय "चिन्मय सायकलवरून उतरतो", आणि सायकल तर अजून वाजतेय. आप्पांनी हात वर केला. "टायमिंग सुटलंय. बेल्टचा दात निसटलाय कुठंतरी."

तसंच झालं होतं. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) चालतो. आमची डीव्हीडी २५ नं चालत होती. सेकंदाला एकच चौकट जास्त, पण पावणेदोन तासांत चार मिनिटांचा फरक पडतो. रात्री सगळी फाईल त्या प्रमाणात ताणली आणि वर दर दहा मिनिटांनी तुकडा पाडून ठेवला, म्हणजे सुटलंच तर पुन्हा जोडता येईल.

२९ जून, रविवार

'किल्ला' पुन्हा, या वेळी जागच्या जागी. अविनाश अरुण यांचा हा पहिला सिनेमा, कॅमेराही त्यांचाच, आणि २०१४ साली बर्लिनला मुलांच्या विभागात त्याला क्रिस्टल बेअर मिळालं. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेला चिन्मय. मला वाटलं होतं हा डोळ्यांचा सिनेमा आहे, हिरवा, ओला, रुंद. आप्पांना तो कसा पोचणार ही धास्ती होती.

आमच्या पत्र्यावर बाहेर पाऊस होता आणि आत सिनेमातला पाऊस. आप्पा म्हणाले, "ह्यो पाऊस दगडावरचा हाय. मघाचा पानांवरचा व्हता." मी थांबवून पाहिलं. खरंच चिन्मय तेव्हा किल्ल्यात आला होता आणि माझं वाक्य अजून यायचं होतं. मी ते वाक्य काढून टाकलं. सोबतचे मित्र निघून जातात आणि पोर एकटं उरतं, तिथं मी फक्त "कुणी नाही" एवढेच दोन शब्द ठेवले.
सिनेमा : आप्पा ८, मी ९. सांगणं : ६. एक गुण कापला तो "समुद्र निळा आहे" या वाक्यासाठी. "समुद्राला निळा म्हणून काय सांगतीस? भरतीचा का ओहोटीचा ते सांग."

६ जुलै, आषाढी एकादशी

सिनेमा नाही. उपवासाचं आणि फाईलींचं काम.

तयार वर्णनपट्टी कुठं मिळते का ते आठवडाभर शोधलं. कायदा आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं ४२वं कलम प्रसारमाध्यमांत ऑडिओ डिस्क्रिप्शन, सांकेतिक भाषा आणि मथळे (सबटायटल्स) असावेत असं सांगतं. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं 'पठाण'च्या निर्मात्यांना ओटीटीवर येताना दृष्टिहीनांसाठी वर्णन आणि कर्णबधिरांसाठी मथळे तयार करायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं थिएटरांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. हे सगळं वाचून मला मनापासून बरं वाटलं. पण आम्ही यादीत घेतलेल्या मराठी सिनेमांपैकी एकाचीही मराठी वर्णनपट्टी मला सापडली नाही. ज्या भाषेत माणूस आयुष्यभर सिनेमा पाहत आला त्याच भाषेत तो त्याला सांगितला गेला पाहिजे. हा उपकार नव्हे. त्यानं तिकीट काढलेलं असतं.

१३ जुलै, रविवार

एक नवा ऐतिहासिक सिनेमा. नाव लिहीत नाही. तासभर मोकळी जागा शोधली, सापडली ती एकूण सहा मिनिटं. उरलेला सगळा वेळ ढोल, तुतारी आणि त्यावर माणसांचं ओरडणं. पार्श्वसंगीत एवढं सलग असलं की सांगणाऱ्याला तोंड उघडायला फटच राहत नाही. आणि आप्पांचं म्हणणं, घोडा दगडी फरसबंदीवरून चालला काय आणि मातीवरून चालला काय, टाप एकच वाजते. अर्ध्यातच बंद केला.
सिनेमा : आप्पा २, मी ४ (पोशाखांसाठी).

२७ जुलै, रविवार

'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणे. २०१४ला व्हेनिसमध्ये दोन पुरस्कार, नंतर सुवर्णकमळ, नंतर भारतातर्फे ऑस्करला. मला स्वतःला हा सिनेमा फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून हट्टानं घेतला.

सांगायला मात्र अवघड. चौकट लांबून लावलेली, स्थिर, आणि त्यात एकाच वेळी दहा गोष्टी चाललेल्या. कोर्टात शाहीर नारायण कांबळेंवरचा मुख्य खटला चालू असताना मागच्या बाकावर कुणी जांभई देतंय, शिपाई फाईल घेऊन जातोय. कशाला निवडायचं? सुरुवातीला मी मधला माणूस सांगत गेले. मग लक्षात आलं की या सिनेमात कडेचा माणूस हाच मुद्दा आहे. पुन्हा लिहून काढलं आणि वकिलाऐवजी बाक सांगायला लागले.

इंग्रजी कलमांची सलग वाचनं येतात. मी त्यांचा अर्थ सांगायला निघाले होते, आप्पांनी थांबवलं. "त्या कांबळ्याला तरी कुठं कोण अर्थ सांगतंय?" खरं आहे. शाहीर नारायण कांबळेंची भूमिका करणारे वीरा साथीदार हे स्वतः नागपूरचे चळवळीतले कार्यकर्ते, २०२१ मध्ये कोविडनं गेले. संभाजी भगतांची गाणी त्यांच्या तोंडी आली की आप्पा पायानं ठेका धरत होते.

शेवटाकडे कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. माणसं निघून जातात, दिवे बंद होतात, दालन अंधारात बुडतं आणि कॅमेरा तिथंच राहतो. मी काहीच बोलले नाही.

"आता काय दिसतंय?"
"काही नाही. अंधार."
"तुलाबी?"
"हो."
"बरं," म्हणाले, आणि शांत बसून राहिले. रेकॉर्डिंगमध्ये मी त्या जागी "अंधार" एवढा एक शब्द घातला.
सिनेमा : आप्पा ७, मी १०. सांगणं : ६.

३ ऑगस्ट, रविवार

फक्त कपाटातलं काम. शेजारच्या घराचा स्लॅब पडतोय, मिक्सर दिवसभर. रात्री अकरानंतर रेकॉर्ड केलं. 'फँड्री'साठी ९४ वाक्यं झाली.

१७ ऑगस्ट, रविवार

'फँड्री'. याची नोंद लांब होणार.

दोन प्रसंग लिहून ठेवायलाच हवेत. डुक्कर पकडायला जब्याच्या बापाचं, कचरूचं, सगळं घर धावतंय, शाळकरी जब्या लाजेनं लपतोय, आणि ऐन वेळी शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. माझं वाक्य होतं : "कचरू थांबतो. जब्या थांबतो. सगळे ताठ उभे." माझा आवाज आणि राष्ट्रगीत ऐकून आप्पा खुर्चीच्या हाताला धरून उठले आणि उभे राहिले. मीही उभी राहिले. उभ्या उभ्याच आम्ही ऐकलं : "डुक्कर समोरून चालत जातंय." संपल्यावर आप्पा बसले नाहीत. म्हणाले, "कानून पाळला त्यांनी. आन् डुक्कर गेलं." बराच वेळ तसेच होते.

दुसरा प्रसंग माझ्या चुकीचा. डुक्कर पकडून, काठीला उलटं बांधून, खांद्यावर घेऊन घरचे लोक निघतात. आवाजात फक्त पावलं आहेत. मी लिहिलं होतं : "डुक्कर काठीला बांधून दोघं चालतात. मागं भिंत." एवढंच. सिनेमा संपला, आप्पांनी सहा गुण दिले. मला पटेना. सिनेमाला सहा? मी विचारलं, का. म्हणाले, "शेवट लई चांगला हाय, पण मधी नुसतं चालणंच चालणं."

त्या रात्री तो तुकडा पुन्हा पाहिला आणि छातीत धस्स झालं. ती शाळेची भिंत आहे. तिच्यावर चित्रं आहेत. बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले, गाडगेबाबा. त्यांच्या नजरेसमोरून, त्याच शाळेत शिकणारं पोर खांद्यावर डुक्कर घेऊन जातंय. सगळा सिनेमा त्या भिंतीवर आहे आणि मी लिहिलं होतं "मागं भिंत". मला दिसत होतं म्हणून मला सांगायचं सुचलं नाही. आप्पांच्या कानापर्यंत बाबासाहेब पोचलेच नव्हते.

नवीन वाक्यं लिहिली, पावलांच्या ठेक्यात बसवली. एक चित्र, दोन पावलं, पुढचं चित्र. सोमवारी शाळेतून आल्यावर तेवढा तुकडा ऐकवला. आप्पांनी "पुन्यांदा लाव" म्हटलं. तीनदा लावला.

शेवटच्या दगडासाठी माझं वाक्य होतं, "जब्या दगड भिरकावतो. दगड कॅमेऱ्याकडे येतो." आप्पा म्हणाले, कॅमेरा कशाला मधी आणतीस? आता ते असं आहे : "दगड आपल्याकडे येतो."
सिनेमा : आप्पा ६, दुरुस्तीनंतर १०. मी १०. सांगणं : आधी ३, नंतर ८.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपती बसलेत, आज गौरी येणार. गल्लीतल्या मंडळाचा स्पीकर आमच्या खिडकीसमोर. काम बंद. आप्पा आरतीच्या वेळी मंडळाच्या पोरांना सांगून आले की डावीकडचा स्पीकर फाटलाय, त्याचा पडदा बदला. पोरांनी बदलला.

१४ सप्टेंबर, रविवार

'द डिसायपल'. पुन्हा ताम्हाणे, २०२०, व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार. शरद नेरुळकर नावाचा तरुण गायक, त्याचे गुरुजी, आणि गुरुजींच्या गुरू माई, ज्या फक्त जुन्या ध्वनिफितींत ऐकू येतात.

मी घाबरत होते. आप्पांचं गाणं म्हणजे लावणी, भजन आणि जुने सिनेमे. शास्त्रीय गाण्याला ते "आऽऽऽचं गाणं" म्हणतात. पण ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाँ खाँसाहेब गायले, तिथल्या माणसाच्या कानावर ते कुठून ना कुठून पडलेलं असतंच. गुरुजींचं काम केलेले अरुण द्रविड हे त्याच जयपूर-अत्रौली गायकीतले, शरदचं काम केलेला आदित्य मोडक हाही खरा गायक. ओठ हलवणारं कुणी नाही. आप्पांना हे पाचव्या मिनिटाला कळलं. "ह्यो खराच गातोय. श्वास घेतलेला ऐकू येतोय."

या सिनेमात शरद रात्री रिकाम्या मुंबईत मोटारसायकलवरून संथ जातो आणि त्याच्या कानात माईंचा आवाज चालू असतो. खाली तानपुरा. मी त्या सगळ्या तुकड्यांसाठी वाक्यं लिहिली होती. पूल, दिवे, ओला रस्ता, सगळं. पहिल्याच तुकड्यात आप्पा म्हणाले, "तू गप. बाई बोलतीय." त्यामुळे मी सगळ्या रात्रफेऱ्यांतलं माझं सांगणं काढून टाकलं. सुरुवातीला फक्त "रात्र. रस्ता. शरद मोटारसायकलवर", आणि मग माई. माईंचा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा. एप्रिल २०२१ मध्ये त्या गेल्या, आणि त्याच महिन्याच्या अखेरीला सिनेमा घरोघरी पोचला. ज्यांचं फक्त बोलणं मागं राहिलंय अशा बाईचा आवाज, ज्यांचं फक्त बोलणं मागं राहिलंय अशा बाईनंच दिलेला. हे आप्पांना सांगितलं तर त्यांनी माईंचा पहिला तुकडा परत लावायला लावला.

शरदची मैफल रंगत नाही तो प्रसंग आप्पांनी माझ्या आधी ओळखला. मला चेहऱ्यावरून कळलं, त्यांना तानेच्या शेवटावरून. "गाडी चढावर हाय आन् ह्यानं गिअर टाकला न्हाई."
सिनेमा : आप्पा ९, मी ९. सांगणं : ९. "का? तर गप बसलीस म्हणून."

२१ सप्टेंबर, रविवार

'स्थळ'. जयंत सोमलकर, या वर्षी मार्चमध्ये थिएटरात आला, त्याआधी २०२३ला टोरोंटोत नेटपॅक पुरस्कार. विदर्भातलं कापूस पिकवणाऱ्यांचं गाव, लग्नाला आलेली सविता, आणि बघायला येणारी एकामागून एक माणसं. सगळे नट तिकडचेच, बोलीही तिकडचीच. आप्पांना बोलीचं भारी कौतुक, दोन-तीन शब्द त्यांनी दिवसभर घोळवले.

सुरुवातीला बायका बसून मुलाला प्रश्न विचारतात, म्हणजे सगळं उलटं. ते कानानंही लगेच कळतं आणि आई मोठ्यानं हसली. पुढं प्रत्येक स्थळाच्या वेळी सविता येते, बसते, तेच प्रश्न होतात. मी ठरवून प्रत्येक वेळी तेच वाक्य वापरलं, एक शब्दही न बदलता. "सविता येते. मान खाली. बसते." चौथ्या वेळी आई म्हणाली, "पुरे गं आता." मला तेच हवं होतं. मीही तशी सातदा बसलेय, आप्पांसमोर, याच खोलीत. त्यावर आप्पा काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, "तुला आमी उंची विचारू दिली त्यांना. ती विचारू द्यायला नको व्हती."
सिनेमा : आप्पा ८, मी ९. सांगणं : ८.

५ ऑक्टोबर, रविवार

'श्वास' यादीत मी घातलाच नव्हता. एका लहान मुलाच्या डोळ्यांत कर्करोग, शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल पण नजर जाईल, आणि आजोबांनी आपल्या नातवाला हे सांगायचं. हा सिनेमा मी आप्पांपुढे कसा लावणार? त्यांनीच मागितला. "२००४ ला बघितलाय मी. पुन्यांदा बघायचाय. आता बघायचाय."

संदीप सावंतांचा पहिलाच सिनेमा, सुवर्णकमळ, भारतातर्फे ऑस्करला गेलेला. अरुण नलावड्यांचे आजोबा, अश्विन चितळेचा परशुराम. रेकॉर्ड करताना तीन ठिकाणी माझा आवाज कापला, ते तुकडे पुन्हा केले. सांगणाऱ्यानं रडायचं नसतं. रडायचं का नाही हे ऐकणाऱ्याचं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी आजोबा पोराला गुपचूप दवाखान्यातून बाहेर घेऊन जातात, जग दाखवायला. इकडे सगळे शोधतायत. या भागात मी वाक्यं भरभरून लिहिली होती. रस्ता, दुकानं, रंग. रंग मी मुद्दाम सांगितले. 'किल्ला'त समुद्राच्या निळ्यासाठी गुण गेला होता, पण इथं रंग हाच प्रसंग आहे. आप्पांनी एकदाही अडवलं नाही. मान किंचित वर करून बसले होते, उजेड आला की करतात तशी.

संपल्यावर आईनं चहा ठेवला. आप्पा म्हणाले, "त्या पोराला तारीख मिळाली. आज शेवटचं, बघून घे. मला तारीख मिळाली न्हाई." मग थोड्या वेळानं, "काचबिंदू तारीख देत न्हाई. मी शेवटचं काय नीट बघितलं तेच मला ठाऊक न्हाई."

मी विचारलं, तारीख मिळाली असती तर काय बघितलं असतं? मला वाटलं रंकाळा म्हणतील, आईचं किंवा माझं तोंड म्हणतील. ते विचार करून म्हणाले, "वर्कशॉपच्या खड्ड्यातनं वर. बसच्या पोटाखालनं. तिथनं उजेड पट्ट्यापट्ट्यानं येतो. पस्तीस वर्षं बघितला, पण काम करत बघितला."
सिनेमा : आप्पा १०, मी गुण लिहीत नाही. सांगणं : ९.

१२ ऑक्टोबर, रविवार

'अस्तु'. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर. माई ऐकल्यापासून आप्पांनी "त्या बाईचा सिनेमा" असा लकडा लावला होता. डॉ. मोहन आगाशे संस्कृतचे पंडित, चक्रपाणी शास्त्री, स्मृती जात चाललेली. हेच आगाशे 'सामना'त मारुती कांबळे होते, हे आप्पांनी आवाजावरून नव्हे, आठवणीतून सांगितलं. मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून दुकानात जाते, आणि ते रस्त्यानं जाणाऱ्या हत्तीमागं चालू लागतात.

हत्तीची घंटा हे या सिनेमाचं सोनं. मला वाक्यच लागलं नाही. घंटा जवळ आली, लांब गेली, एवढ्यात शास्त्री किती मागं पडले ते आप्पांना कळत होतं.

मग माहुताची बायको चन्नम्मा आली. अमृता सुभाष, या कामासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय. ती कानडी बोलते. आणि माझी अडचण झाली. मथळे वाचून सांगायची तयारी मी केली होती, पण वाक्यं तिच्या बोलण्यावर पडत होती, आणि तिच्या आवाजावर बोलणं म्हणजे तो प्रसंग मारणंच. मी चाचपडत होते, तेवढ्यात आप्पांनीच सुरू केलं. निपाणी, चिकोडी, बेळगावच्या गाड्या त्यांच्याकडं दुरुस्तीला यायच्या, तिकडच्या ड्रायव्हरांशी पस्तीस वर्षं बोलणं. ती बोलून थांबली की मधल्या श्वासात आप्पा मराठीत सांगायचे. बरोब्बर मोकळ्या जागेत, तिच्यावर एकदाही पाय न देता.

"त्याला जेवायला घालाया पायजे म्हणतीय."
"म्हाताऱ्याला पोर समजतीय ती."

शास्त्री तिला आई म्हणून हाक मारतात तिथं आप्पा काही बोलले नाहीत. तिथं सांगण्यासारखं नव्हतंच. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, हातातली कणीक तशीच ठेवून, ऐकत होती.

तो सगळा भाग मी फोनवर टेपला आणि रात्री फाईलीत माझ्या वाक्यांच्या जागी आप्पांचा आवाज बसवला. मागं आमच्या पंख्याची घरघर येतेय, ती काढली नाही.
सिनेमा : आप्पा ९, मी ९.
सांगणं : आज गुण मी दिले. आप्पांना ९. एक कापला, कारण चन्नम्मा बोलताना दोनदा ते एकटेच हसले आणि का हसले ते मला सांगायचं राहिलं.